केंद्राची शिक्षण परिषद भाषणाशिवाय कशी घ्यायची? आणि शाळाभेटीत शेरा काय लिहायचा?

पाटी_पेन्सिल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर, नुकतीच रुजू झाले आहे. केंद्रात ११ शाळा, ३१ शिक्षक. त्यातल्या ७ शाळा द्विशिक्षकी, पट ६० च्या आत. मंजूर पदावरचे मुख्याध्यापक एकाच शाळेत, बाकी सगळीकडे प्रभारी.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. सध्याची रीत अशी: स्वागत, दीपप्रज्वलन, मनोगतं, मग वरून आलेल्या माहितीचं वाचन, जेवण, आणि शेवटी पीपीटी. दुसरी-तिसरीचं वाचन हा विषय धरून काही वेगळं करायचं आहे. तास-मिनिटांसकट आराखडा कुणी देईल का?

२. शाळाभेट. वर्गात बसल्यावर नेमकं काय पाहायचं आणि लॉगबुकात काय लिहायचं?

३. पुढे शिक्षक प्रशिक्षणाच्या बाजूला, म्हणजे डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) जायची इच्छा आहे. शिक्षण बी.ए., डी.एड., बी.एड. आतापासून कशाची तयारी करावी?

---

तळटीप

मॅडम, पहिल्या प्रश्नाबद्दल.

परिषदेचा विषय 'वाचन' असा ठेवूच नका. एवढा मोठा विषय चार तासांत फक्त भाषणातच मावतो. विषय असा घ्या: 'तिसरीतली जी मुलं साधे शब्द वाचतात पण जोडाक्षर आलं की थांबतात, त्यांचं काय करायचं.' विषय जितका बारीक, तितकी चर्चा वर्गाच्या जवळ राहते.

आधी वेळेचं बघा. द्विशिक्षकी शाळेतले दोघेही परिषदेला आले की शाळा बंद. म्हणून त्या दिवशी केंद्रातल्या शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याची परवानगी आधीच घ्या आणि परिषद १२.३० ते ४.३० ठेवा. यजमान शाळेतली तिसरीची तीसेक मुलं थांबवून घ्यावी लागतील. यजमान शाळेत तेवढा पट नसेल तर शेजारच्या वाडीवरची आणा. त्यांचं जेवण झालेलं असावं आणि घरी आदल्या दिवशीच निरोप गेलेला असावा. हे राहिलं की एक वाजता पालक फाटकाशी येऊन उभे राहतात आणि मुलांचं लक्ष तिकडे लागतं.

१२.३० ते १.००: तिघातिघांचे गट. मागच्या महिन्यात ठरवलेलं वर्गात करून पाहिलं का, कुठे अडलं. मंचावरून काही नाही. पहिल्या परिषदेला मागचं काही नसेल, तेव्हा प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच मुलांच्या वाचनाची नोंद आणावी, त्यावर बोलावं.

१.०० ते १.३०: प्रत्यक्ष पाठ. एका वर्गात ३१ मोठी माणसं उभी राहिली तर मुलं दबतात. दोन खोल्या, दोन पाठ, प्रत्येक खोलीत पंधरा मुलं आणि पंधरा शिक्षक, भिंतीलगत बसलेले. प्रत्येक शिक्षकाला एकच मूल वाटून द्यायचं. पाठ घेणाऱ्याकडे बघायचंच नाही, त्या मुलाकडे बघायचं. पाठ घेणारा काय करतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. मूल काय करतंय हे कुणीच बघत नाही.

१.३० ते २.३०: चर्चा. पहिल्या फेरीत मत सांगायचं नाही, फक्त दिसलेलं सांगायचं. 'पाठ छान झाला' हे चालणार नाही. 'माझ्या मुलाचं बोट पुस्तक शब्दातल्या स्त वर थांबलं, त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं आणि पुसतक म्हटलं' हे चालेल. एकदा हे वळण लागलं की पाठ घेणाऱ्यावर टीका आपोआप थांबते, कारण बोलणं मुलाबद्दल चाललेलं असतं.

मधे पंधरा मिनिटं चहा. २.४५ ते ४.०० हातानं काम: इयत्तावार बसून, उद्या वर्गात लागेल ते तयार करायचं. उदाहरणार्थ एका जोडाक्षराचे वीस शब्द, त्यांच्या पट्ट्या आणि त्याच शब्दांचा सहा ओळींचा मजकूर. परिषदेतून माणूस रिकाम्या हाताने घरी गेला की दुसऱ्या दिवशी वर्गात काही होत नाही. शेवटचा अर्धा तास, कोण कधी करणार आणि कोण कोणाचा वर्ग पाहायला जाणार हे तारखेसकट ठरवायला.

प्रशासकीय माहिती एका पानावर छापून निघताना हातात द्या. ती वाचून दाखवायला लागलात की सगळा क्रम कोलमडतो, कारण त्या माहितीवर प्रत्येकाला एक तक्रार असते.

हमखास बिघडतं कुठे? यजमान शाळा आदल्या दिवशी मुलांची तयारी करून घेते. ओळखायचं कसं, तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हात वर येतात. म्हणून उतारा बालभारतीच्या पुस्तकातला नको आणि तो सकाळी शाळेत पोचल्यावरच बाहेर काढा. दुसरं म्हणजे पाठ नेहमी पुरस्कारप्राप्त शिक्षकालाच देतात, मग बाकीचे म्हणतात 'ते त्यांना जमतं'. पहिल्या दोन परिषदांत दोनपैकी एक पाठ तुम्ही स्वतः घ्या. तुमचा पाठ थोडा फसला तर उत्तमच, त्यानंतर लोक मोकळे बोलतात. आणि शाल-श्रीफळ बंद करा. सत्काराला सुरुवात केली की तो बंद करणं फार अवघड, पुढच्या शाळेला वाटतं आपण कमी पडलो.

---

मागचा_बाक

शाळाभेटीबद्दल.

महिन्यात कामाचे दिवस साधारण २२. त्यातून बैठका, तालुक्याची कामं, परिषद काढली की हाती बारा-तेरा दिवस उरतात. अकरा शाळांना एकेक भेट दिली की डायरी भरते. पण महिन्यातून एकदा चाळीस मिनिटं बसून कोणाचं शिकवणं बदलत नाही. त्यापेक्षा एका तिमाहीत चार शाळा ठरवा, तिथे महिन्यातून दोनदा जा, एकाच शिक्षकाच्या एकाच विषयाला. बाकी सात शाळांना प्रशासकीय भेट द्या आणि तिला तसंच म्हणा. शैक्षणिक भेट आणि तपासणी एका दिवशी एकत्र केली की शिक्षक तुम्हाला तपासनीसच समजणार. हजेरीपट आणि पोषण आहाराचं रजिस्टर मागून झाल्यावर 'आता मोकळेपणाने बोला' म्हणण्यात अर्थ नाही.

वर्गात बसायचं ते मागे, मुलांच्या बाजूला, तास सुरू व्हायच्या आधी. एका कागदावर बसण्याची जागा काढा, प्रत्येक मुलाला एक चौकोन. शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्या चौकोनात एक रेघ. दर पाच मिनिटांनी मान वर करून मोजा: किती मुलं कामात आहेत, किती जण वाट बघत बसलेत, किती जण नुसतं फळ्यावरचं उतरवतायत. पस्तीस मिनिटांत सात नोंदी होतात. एवढं पुरे. छापील निरीक्षण तक्त्यातले तीस मुद्दे भरत बसलात तर वर्ग पाहायचा राहून जातो.

मग त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, पंधरा मिनिटं बोलायचं. सुरुवात त्यांच्याकडून: 'तुम्हाला काय वाटलं, कुठलं मूल सुटलं?' मग तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प राहा. रेघा कुठे गोळा झाल्यात ते त्यांना स्वतःलाच दिसतं. सुचवायची गोष्ट एकच. तीन सुचवल्या तर एकही होत नाही.

शेरा कसा नसावा: 'अध्यापन समाधानकारक. अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.' हा शेरा कुठल्याही शाळेच्या लॉगबुकात, कुठल्याही वर्षी चिकटवता येतो.

कसा असावा: 'इ. ३ री, मराठी, ११.१० ते ११.४५. उपस्थित १८. प्रश्न विचारले गेले ते ७ मुलांना. खिडकीकडच्या ओळीतल्या ५ मुलांना एकही नाही. गटवाचनात ४ मुले ओठ हलवत होती, वाचत नव्हती. ठरले: रोज २ मुलांचे एकेकट्याने वाचन ऐकणे, वहीत नोंद. पुढील भेट २१ तारखेला, तीच वही पाहणे.'

आणि २१ ला जा. नाही गेलात तर पुढच्या शेऱ्याला किंमत उरत नाही.

---

पट_४२

वरचं सगळं पटतं, पण प्रभारी मुख्याध्यापकाच्या जागेवरून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे मॅडमच्या केंद्रात दहा शाळांचं 'शालेय नेतृत्व' म्हणजे दोन-तीन वर्ग एकत्र शिकवणारा, त्याच तासाला तांदूळ मोजून देणारा माणूस. पट ४२ असेल तर डोई १०० ग्रॅमप्रमाणे ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅमप्रमाणे ८४० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅमने २१० ग्रॅम तेल. पण शिजवायचं ते त्या दिवशीच्या हजेरीप्रमाणे, म्हणजे आकडा रोज नवा. पोत्यातली शिल्लक आणि रजिस्टरची शिल्लक जुळली नाही तर जबाबदार तोच. त्याला नेतृत्वविकासाचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याचा अर्धा तास वाचवून द्या.

तो कसा वाचतो? केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर 'आजच्या आज' म्हणून येणारी माहिती निम्म्या वेळा युडायस किंवा सरल या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालींत आधीच भरलेली असते. प्रत्येक शाळेची एक पत्रिका केंद्रात तयार ठेवा: इयत्तावार मुलं-मुली, प्रवर्ग, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, शौचालयं, शिक्षकांच्या रुजू तारखा. दर महिन्याच्या पाच तारखेला फक्त बदल मागवा. पंचायत समितीने काही मागितलं की आधी त्या पत्रिकेतून काढा, नसेल तेच शाळेला विचारा. प्रभारींसाठी एवढं केलंत तरी तुमच्या परिषदेला ते मनापासून येतील.

दुसरं. परिषदेतले पाठ नेहमी एका इयत्तेचे असतात. द्विशिक्षकी शाळेत तसा वर्गच नसतो. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे. म्हणून दोनपैकी एक पाठ बहुवर्गाचा ठेवा: तिसरी-चौथी एकत्र, १५ मिनिटं शिक्षक तिसरीबरोबर, तेवढा वेळ चौथीला शिक्षकाशिवाय करता येईल असं काम. पाठ फसतो तो या दुसऱ्या कामात. 'धडा वाचून काढा' हे काम नव्हे, तीन मिनिटांत संपतं. जोडीने करायचं, पंधरा मिनिटं पुरणारं आणि शेवटी दाखवण्यासारखं काहीतरी उरेल असं हवं. चर्चेतही निरीक्षण चौथीच्या मुलांचं ठेवा. सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथेच सापडेल.

---

पाटी_पेन्सिल

खूपच उपयोगी. @तळटीप, चार तास परिषदेचे धरले तर वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाचा हिशेब यात बसतो का? आणि वाचनाची नोंद नेमकी कशी आणायला सांगू? प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने आणणार.

---

तळटीप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाला आणि मुख्याध्यापकालाही वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. वर्षात आठ परिषदा धरल्या तर ३२ तास. पण तास धरले जाण्यासाठी विषय, सुलभक (सत्र घेणारा), वेळ, उपस्थिती आणि पुढे वर्गात काय झालं याची नोंद हवी. कोणते तास मोजायचे हे डाएट ठरवेल, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच आराखडा त्यांना देऊन लेखी उत्तर घ्या. वर्ष संपताना प्रमाणपत्रं मागायला गेलं की अडतं.

एक इशारा. २०१९ साली निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं ते सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी. एवढ्यांपर्यंत पोचायचं म्हणजे राज्य, जिल्हा, तालुका अशी साखळी आली, आणि नंतर ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन गेलं. साखळीत प्रत्येक पायरीवर आधी गळतं ते करून पाहणं आणि शेवटपर्यंत टिकते ती पीपीटी. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ एका बाजूला चालू आणि माणूस दुसऱ्या कामात. तुमच्याकडे येईपर्यंत जे गळालं ते परत भरायची एकच जागा, ती म्हणजे केंद्र. तालुक्याला पाच दिवस शिकवलेलं केंद्रात दोन तासांत 'पुन्हा सांगू' नका. त्यातली एक कृती उचला आणि मुलांसमोर करून दाखवा.

वाचनाच्या नोंदीचं @रफार यांनी सांगावं, त्यांचा प्रांत आहे.

---

सेवाज्येष्ठ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. बरेच जण पद आणि पात्रता यांची गल्लत करतात म्हणून जरा सविस्तर.

हा धागा वाचून पुढचा प्रश्न येणारच, तो आधी संपवतो: केंद्रप्रमुख कसं व्हायचं? १ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयानुसार ५० टक्के पदं पदोन्नतीने, ५० टक्के मर्यादित विभागीय परीक्षेने. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, एकूण २०० गुणांची.

आता पुढे दोन वाटा फुटतात. विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी ही प्रशासनाची वाट. डाएटमधले अधिव्याख्याता, वरिष्ठ अधिव्याख्याता, प्राचार्य ही अध्यापक शिक्षणाची. डाएट ही १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघालेली संस्था, जिल्ह्याला एक, आणि तिथे शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी पाहिली जाते. म्हणजे तुमच्या बाबतीत आधी एखाद्या विषयात एम.ए. आणि मग एम.एड. बी.एड. आणि एम.एड. दोन्ही २०१५ च्या सत्रापासून दोन वर्षांचे झाले, त्यामुळे नियमित एम.एड. म्हणजे अध्ययन रजेचा प्रश्न आला. दूरशिक्षणाने एम.ए. शिक्षणशास्त्र करता येतं, पण ते आणि एम.एड. एकच समजून फी भरू नका. जाहिरातीतली पात्रता अक्षरशः वाचा.

पदवी होईपर्यंत थांबायचं कारण नाही. डाएटमध्ये विषय सहायक म्हणून प्रतिनियुक्तीवर जिल्हा परिषदेचे शिक्षक घेतले जातात, तो सगळ्यात जवळचा दरवाजा. तिथे मुलाखतीत उपयोगी पडतं ते प्रमाणपत्रांचं बाड नव्हे. एक बरी कृतिसंशोधनाची फाईल ठेवा: एक प्रश्न, पंधरा-वीस मुलं, आधीची नोंद, आठ आठवडे काय केलं, नंतरची नोंद आणि काय जमलं नाही. शेवटचा भाग लोक गाळतात. घेणारे नेमकं तेच विचारतात.

शालेय नेतृत्वासाठी दिल्लीच्या निपा संस्थेतलं राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची मिपा (शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राज्य संस्था) यांचे कार्यक्रम बघत राहा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका बरेच जण करतात. नियमांची ओळख होण्यासाठी चांगली आहे. पण खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकपद १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे जातं: प्रशिक्षित पदवीधर, पदवीनंतर एकूण पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची, आणि मग सेवाज्येष्ठता. पदविकेने ज्येष्ठता यादीत उडी मारता येत नाही. दरवर्षी कुणीतरी हा गैरसमज घेऊन येतंच.

आणि एक माझं मत. प्रशिक्षणाच्या बाजूला गेलं की शाळा सुटते, हे धरून चालू नका. कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांनी आधी अध्यापक महाविद्यालयाचं प्राचार्यपद सांभाळलं आणि त्यानंतर १९८५ साली सृजन आनंद विद्यालय ही लहान मुलांची शाळा काढली. डाएटला गेल्यावरही आठवड्यातला एक तास जवळच्या शाळेत मुलांना शिकवायचा ठेवा. तो तास सुटला की दोन वर्षांत भाषा बदलते, सगळी वाक्यं 'शिक्षकांनी करावे' ने संपायला लागतात.

---

रफार

वाचनाची नोंद. सगळ्यांना एकच उतारा आणि एकच पद्धत द्या, नाहीतर ३१ प्रकारचे आकडे येतील आणि परिषदेत त्यावरूनच वाद होईल.

उतारा ७० ते ८० शब्दांचा, न वाचलेला. तीन वेगळे उतारे करा, नाहीतर पहिल्या मुलाचं ऐकून चौथं मूल पाठ म्हणतं. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलवा, बाकीचा वर्ग कामाला लावून. मोबाइलवर एक मिनिट. चुकलेल्या शब्दावर काट. स्वतःहून सुधारलं तर बरोबर धरा. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगा, काट मारा आणि पुढे जाऊ द्या. मिनिट संपलं की तिथे उभी रेघ. मग वाचलेल्या भागावर तीन प्रश्न तोंडी. एका मुलाला तीन-चार मिनिटं, रोज पाच मुलं केली तर वर्ग आठवड्यात संपतो. एका दिवशी सगळा वर्ग उरकायला गेलं की शेवटच्या दहा नोंदी अंदाजाने भरल्या जातात.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्र सरकारच्या अभियानाची लक्ष्यं दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६०, अर्थ समजून. पण मराठीत शब्दांची मोजणी जरा फसवी आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'शाळेपाठच्या डोंगरावरून' हे आपल्याकडे दोन शब्द, हिंदीत 'के', 'पर', 'से' सुटे मोजले जाऊन आकडा वाढतो. म्हणून ४२ वाचणारं मूल लगेच 'मागे' टाकू नका, आणि उतारा लिहिताना असले लांब शब्द किती आलेत ते मोजा. तीनही उताऱ्यांत ते सारखे हवेत.

आकड्यापेक्षा काट कुठे पडली ते परिषदेत जास्त कामाचं. प्रत्येक चुकीसमोर मुलाने काय वाचलं ते जसंच्या तसं लिहायला सांगा. 'मार्ग' चं 'मागर' करणारं मूल आळशी नाही. रफार, म्हणजे अर्धा र, लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून ते डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने वाचतंय. पहिल्या वेलांटीचंही तेच, लिहिताना आधी आणि उच्चारात नंतर. अर्धा र तर दोन रूपांत येतो, 'आचार्य' आणि 'आचाऱ्यांनी', आणि दोन्हींचा उच्चार वेगळा. 'पुसतक' म्हणणाऱ्याची अडचण पुन्हा निराळी, त्याला स् वर न थांबता पुढे जायचं कळलेलं नाही. या तीन प्रकारच्या मुलांना एकाच 'जोडाक्षर गटात' बसवून वीस पट्ट्या वाचायला दिल्या तर महिनाभरात फक्त शेवटचा सुधारतो.

तेव्हा मॅडम, पहिल्या परिषदेला पट्ट्या आधी बनवू नका. १.३० च्या चर्चेत चुकांचे कागद जमिनीवर पसरा, सारख्या चुकांचे ढीग करा, आणि ज्या ढिगात जास्त कागद पडतील त्याच्याच पट्ट्या २.४५ ला करायला घ्या.